मुरूम आणि पुटकुळ्या: औषधाच्या दुकानात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमचं औषधांचं दुकान कॉलेजच्या रस्त्यावर आहे. दुपारी तास सुटले की एखादा तरी मुलगा किंवा मुलगी गर्दी ओसरायची वाट बघत थांबते आणि मग हळू आवाजात विचारते, "मॅडम, मुरमांवर काही चांगलं आहे का?" मूळव्याधीचं मलम मागणारे काकाही इतके लाजत नाहीत.

मी फार्मासिस्ट आहे, त्वचारोगतज्ज्ञ नाही. कोणतं औषध काय करतं, कसं लावायचं, कशासोबत घ्यायचं नाही हे मी सांगू शकते. चेहरा तपासून निदान करणं माझं काम नाही. वहीच्या मागच्या पानांवर टिपलेले आणि व्हॉट्सअ‍ॅपवर परत परत येणारे प्रश्न इथे एकत्र केलेत. एखादी गोष्ट दुसऱ्या उत्तरात आली असेल तर तिथला क्रमांक दिला आहे.

१. मुरूम होतात तरी कशामुळे? चेहरा तर मी दिवसातून चार वेळा धुते.

धुण्याशी त्याचा फारसा संबंध नाही. चेहऱ्यावरच्या प्रत्येक बारीक केसाच्या मुळाशी तेलाची ग्रंथी असते. वयात येताना अँड्रोजेन गटातली हॉर्मोन्स वाढतात, मुलींमध्येसुद्धा. त्यामुळे ग्रंथी मोठ्या होतात आणि तेल जास्त पाझरतं. त्याच वेळी केसाच्या नळीतल्या मृत पेशी सुट्या होऊन गळून पडायच्या त्या एकमेकींना चिकटतात आणि नळीच्या तोंडाशी बूच बसतं. खाली तेल तुंबतं, त्यावर क्यूटिबॅक्टेरियम ॲक्नेस नावाचे जंतू पोसले जातात. हे जंतू गुळगुळीत चेहऱ्याच्या माणसाच्या त्वचेवरही असतात, पण तुंबलेल्या जागी त्यांचं फावतं. मग शरीर प्रतिकार करतं आणि लाली, सूज, पू दिसू लागतो. चेहरा, छाती आणि पाठ इथे तेलग्रंथी दाट असतात, म्हणून मुरूमही तिथेच.

ब्लॅकहेडचं काळं टोक मळाचं नसतं. उघड्या नळीतल्या बुचात त्वचेचं रंगद्रव्य असतं, ते हवेशी संपर्क येऊन काळं दिसतं. घासून ते जात नाही.

आणखी एक. बूच बसायला लागल्यापासून मुरूम वर दिसेपर्यंत काही आठवडे जातात. आज उगवलेल्या मुरमासाठी कालच्या वडापावला दोष देऊ नका. औषधही दिसणाऱ्या मुरमापेक्षा अजून न दिसणाऱ्या बुचांवर चालवायचं असतं. पुढची निम्मी उत्तरं या एका गोष्टीवर उभी आहेत.

२. वय आहे, आपोआप जातील असं घरचे म्हणतात. खरं आहे का?

बऱ्याच जणांचे विशी-पंचविशीत कमी होतात, हे खरं. पण मुरूम गेले तरी खड्डे राहतात, आणि खड्डे बुजवणं हे मुरूम थांबवण्याच्या कैकपट अवघड आणि खर्चीक काम आहे (प्रश्न १८). नुसते ब्लॅकहेड आणि बारीक पुळ्या असतील तर घरच्या घरी तीन महिने प्रयत्न करायला हरकत नाही. खोल, दुखऱ्या गाठी असतील, आत्ताच खड्डे दिसायला लागले असतील, किंवा आई-वडिलांच्या चेहऱ्यावर मुरमांचे वण असतील, तर थांबू नका. आणि मुरमांसोबत ताप, सांधेदुखी, फुटणारे व्रण असं काही असेल तर त्याच दिवशी डॉक्टर.

३. तोंड कशानं धुवायचं आणि किती वेळा?

सकाळी, रात्री आणि घाम आल्यावर. सौम्य, कमी फेसाचं फेसवॉश पुरे. अंगाच्या साबणाचा पीएच साधारण ९ ते १० असतो आणि त्वचेचा ५ च्या आसपास. रोज त्या साबणानं धुतलं की त्वचा ओढल्यासारखी होते आणि पुढे औषध सोसत नाही. अक्रोडाच्या सालीचे स्क्रब, खरखरीत टॉवेल, जाडसर उटणं, हे सगळं सुजलेल्या त्वचेवर पॉलिश पेपर मारण्यासारखं आहे. दिवाळीच्या पहाटे अंगाला उटणं जरूर लावा, चेहरा तेवढा वगळा.

तेलकट त्वचेलाही मॉइश्चरायझर लागतो, विशेषतः औषध सुरू असताना. डब्यावर "नॉन-कॉमेडोजेनिक" (म्हणजे नळ्या न तुंबवणारं) असं लिहिलेलं, जेलसारखं पातळ घ्या. मुंबई-कोकणच्या दमट हवेत जाड क्रीम कुणालाच झेपत नाही.

४. चिठ्ठीशिवाय तुम्ही काय द्याल?

२ टक्के सॅलिसिलिक ॲसिडचं फेसवॉश किंवा जेल. ते तेलात विरघळतं, त्यामुळे नळीत शिरून बूच सैल करतं. ब्लॅकहेडवर बरं चालतं, सुजलेल्या मुरमांवर कमी. नायसिनामाइडनं लाली आणि तेलकटपणा थोडा उतरतो. त्यापलीकडे सूज असलेल्या मुरमांसाठी बेंझॉइल पेरॉक्साइड हे जुनं आणि भरवशाचं औषध. लोक येऊन सगळ्यात "पॉवरफुल" मागतात, पण २.५ टक्क्यांचं औषध ५ किंवा १० टक्क्यांच्या तोडीचंच काम करतं, जळजळ मात्र कमी. जंतूंना त्याची सवय लागत नाही, हा त्याचा मोठा गुण. दोष असा की ते कापडाचा रंग उडवतं. उशीचा अभ्रा पांढरा वापरा, नाहीतर गडद ओढणीवर फिके ठिपके घेऊन परत याल.

ॲडापेलीन आणि ट्रेटिनॉइन (प्रश्न ५), अँटिबायोटिक (प्रश्न १६) आणि आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या (प्रश्न १७) मी चिठ्ठीशिवाय देत नाही.

५. डॉक्टरांनी ॲडापेलीन दिलं. लावायला लागल्यावर तर जास्तच उठले! बंद करू?

बंद करू नका, पण लावायची पद्धत तपासा. हे औषध रेटिनॉइड गटातलं, म्हणजे अ जीवनसत्त्वाच्या घराण्यातलं. ते पेशींचं चिकटणं कमी करतं आणि बूच मुळातच बसू देत नाही. सुरुवातीच्या दोन ते चार आठवड्यांत आत दबलेले मुरूम लवकर वर येऊ शकतात. सोबत कोरडेपणा आणि साल निघणंही होतं. लोक इथेच सोडतात आणि मला येऊन सांगतात की औषध "सूट" झालं नाही.

बहुतेकांची चूक एकच: ते मुरमावर ठिपका देतात. ठिपका द्यायचा नाही. रात्री चेहरा धुऊन पूर्ण कोरडा होऊ द्या, मटारच्या एका दाण्याएवढं जेल घ्या, कपाळ, गाल, हनुवटी इथे टेकवून सगळ्या चेहऱ्यावर पातळ पसरा. डोळ्यांच्या कडा, नाकपुड्यांचे कोपरे आणि ओठ सोडा. पहिले दोन-तीन आठवडे एक दिवसाआड. त्वचा नाजूक असेल तर आधी मॉइश्चरायझर, मग औषध, वर पुन्हा मॉइश्चरायझर. जास्त लावलं तर मुरूम लवकर जात नाहीत, फक्त ट्यूब लवकर संपते.

ट्रेटिनॉइन त्याच घराण्यातलं, पण उजेडात आणि बेंझॉइल पेरॉक्साइडसोबत ते निकामी होऊ शकतं, म्हणून ते रात्रीच लावायचं. ॲडापेलीन जास्त टिकाऊ आहे. त्यामुळेच ॲडापेलीन आणि बेंझॉइल पेरॉक्साइड एकाच ट्यूबमध्ये मिळतं. गरोदर असाल किंवा तसा विचार असेल तर आधी प्रश्न १५ वाचा. चेहरा भाजल्यासारखा लाल होऊन सुजला, पापण्या सुजल्या, तर मात्र तो नेहमीचा त्रास नाही. औषध थांबवा आणि दाखवा.

६. फरक कधी दिसेल?

सहा ते आठ आठवड्यांत थोडा, बारा आठवड्यांत नीट. रोज आरशात बघून कळत नाही. दर पंधरा दिवसांनी एकाच खिडकीच्या उजेडात फोटो काढा. चेहरा स्वच्छ झाला की रेटिनॉइड लगेच सोडायचं नसतं, कारण बुचं बसायची थांबलेली नसतात. किती काळ चालू ठेवायचं ते डॉक्टर ठरवतील, पण हिशेब महिन्यांचा असतो.

७. मैत्रिणीचा चेहरा एका क्रीमनं आठ दिवसांत साफ झाला. मला तीच द्या.

मी ट्यूबचं नाव विचारते. दहापैकी आठ वेळा तिच्यात स्टिरॉइड निघतं.

ही गोष्ट मला सगळ्यात जास्त सांगायची आहे. १९७५ मध्ये अमेरिकेत क्लिगमन आणि विलिस या डॉक्टरांनी हायड्रोक्विनोन (डाग फिकट करणारं औषध), ट्रेटिनॉइन आणि एक स्टिरॉइड यांचं मिश्रण मांडलं. ते होतं वांगासारख्या काळ्या डागांसाठी, थोड्या दिवसांसाठी आणि डॉक्टरांच्या नजरेखाली. आपल्याकडे त्याच धर्तीच्या ट्यूबा गोरं करणारी क्रीम म्हणून वर्षानुवर्षं हातोहात विकल्या गेल्या. नव्यानं नोकरीला लागले तेव्हा मीही विकल्या. मालक म्हणत, गिऱ्हाईक नाव घेऊन मागतंय तर द्यायचं. एका मुलीची आई वर्षभर दर महिन्याला येत होती. शेवटी ती मुलगीच ओढणीनं चेहरा झाकून आली. गालावर तांबड्या शिरांचं जाळं, हनुवटीवर दाट पुळ्या आणि उन्हात पाऊल टाकलं की आग. त्या ट्यूबेची पावती माझ्याच अक्षरातली होती.

स्टिरॉइड सूज दाबतं, म्हणून आठ दिवसांत चेहरा तुकतुकीत दिसतो. पण त्याच औषधामुळे पुढे त्वचा पातळ होते, शिरा दिसतात, चेहऱ्यावर लव वाढते आणि स्टिरॉइडचे स्वतःचे मुरूम उठतात. ते दाबायला पुन्हा तीच ट्यूब. या चक्रानं बिघडलेल्या चेहऱ्याला भारतातल्या त्वचारोगतज्ज्ञांनी २००८ मध्ये वेगळं नावच दिलं, टॉपिकल स्टिरॉइड डॅमेज्ड फेस. त्यांच्या संघटनेनं बरीच वर्षं आवाज उठवल्यावर २०१८ मध्ये केंद्र सरकारनं १४ स्टिरॉइड मलमं शेड्यूल एचमध्ये टाकली, म्हणजे ती चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. कागदावर.

घरातल्या ट्यूबेवरची बारीक अक्षरं वाचा. बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन, बेक्लोमेथासोन यातलं काही दिसलं तर डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय ती चेहऱ्यावर नको. गजकर्णाच्या "तीन-चार औषधं एकत्र" असलेल्या मलमांतही हेच असतं. आणि ज्या डबीवर घटकच लिहिलेले नाहीत, ती कितीही गुणाची म्हणून कुणी दिली तरी नको. अशा गोऱ्या करणाऱ्या क्रीमांमध्ये पारासुद्धा सापडलेला आहे.

८. मी तीच क्रीम सहा महिने लावली. आता थांबवली की चेहरा पेटतो. काय करू?

त्वचारोगतज्ज्ञांकडे जा, आणि ट्यूब सोबत न्या. लाज वाटून "काहीच लावत नव्हते" असं सांगू नका. काहींना एकदम थांबवतात, काहींना सौम्य औषधावर आणून हळूहळू सोडवतात. ते घरी ठरवायचं नाही. मधल्या काळात सॅलिसिलिक ॲसिड, रेटिनॉइड, स्क्रब सगळं बंद. सौम्य फेसवॉश, साधा मॉइश्चरायझर आणि ऊन टाळणं, एवढंच. सावरायला आठवडे नाही, महिने लागतात.

९. तेलकट, तिखट, आंबा, शेंगदाणे, चॉकलेट... यातलं नेमकं काय बंद करू?

तळलेल्या भज्यांचं तेल पोटातून निघून गालावर येत नाही. तिखटाविरुद्धही ठोस पुरावा नाही. संशय आहे तो रक्तातली साखर झपकन वाढवणाऱ्या पदार्थांवर: साखर, मैदा, बिस्किटं, कोल्ड्रिंक. साखर चढली की इन्शुलिन चढतं, आणि ते तेलग्रंथींना डिवचतं. २००७ मध्ये ऑस्ट्रेलियात मुरूम असलेल्या तरुण मुलांना १२ आठवडे अशा पदार्थांऐवजी रक्तातली साखर हळूहळू चढवणारा आहार दिला, तेव्हा त्यांचे मुरूम दुसऱ्या गटापेक्षा जास्त कमी झाले. त्याआधी २००२ मध्ये पापुआ न्यू गिनीतल्या किटावा बेटावरच्या १२०० लोकांची आणि पराग्वेतल्या आचे जमातीच्या ११५ लोकांची पाहणी प्रसिद्ध झाली होती. त्यात एकालाही मुरूम नव्हते. किटावाचे लोक कंदमुळं, फळं, मासे, नारळ खातात. अर्थात आनुवंशिकतेचा भागही असेल, आणि किटावाला जाऊन राहणं आपल्याला जमणार नाही.

दुधाचा, त्यातही साय काढलेल्या दुधाचा, काही जणांत संबंध दिसतो. दही-ताकाबद्दल तसं ठाम म्हणता येत नाही. चॉकलेटवर १९६९ मध्ये एक गाजलेला प्रयोग झाला आणि चॉकलेट निर्दोष सुटलं. पण तुलनेसाठी दिलेल्या दुसऱ्या बारमध्येही साखर आणि चरबी जवळपास तेवढीच होती, त्यामुळे तो निकाल फार धरून बसू नये.

माझा सल्ला साधा आहे. गोड पेयं आणि बेकरीचे पदार्थ कमी करा, भाकरी-उसळ-भाजी वाढवा, आणि दुधाचा संशय असेल तर सहा-आठ आठवडे बंद करून बघा. आंबा वर्षातून दोन महिने येतो. दोन फोडी खा.

१०. पोट साफ होत नाही, अंगात उष्णता आहे, म्हणून मुरूम येतात ना? रक्त शुद्ध करणारं औषध देता का?

बद्धकोष्ठतेवर उपचार घ्या, पण तो बद्धकोष्ठतेसाठी. जुलाबाच्या गोळ्यांनी मुरूम गेल्याचं मी पाहिलेलं नाही. रक्त गाळायचं काम मूत्रपिंडं आणि यकृत करतात, आणि मुरूम रक्तातल्या घाणीमुळे येत नाहीत (प्रश्न १). सब्जा प्या, बरं वाटतं. चेहऱ्यासाठी म्हणून नको.

११. जिम लावल्यापासून पाठीवर खूप आलेत. प्रोटीन पावडरमुळे का?

असू शकतं. व्हे प्रोटीन दुधापासूनच बनतं आणि त्यानं मुरूम वाढल्याची उदाहरणं आहेत. दोन महिने थांबवून बघा, तोवर अंडी, डाळ, सोयाबीन आहेतच. घट्ट सिंथेटिक टी-शर्टमध्ये घामेजून तासभर बसू नका. कुणी "मास" वाढवायला इंजेक्शनं देत असेल तर ती बहुतेक ॲनाबॉलिक स्टिरॉइड असतात, आणि त्यांनी भयंकर मुरूम उठतात. मुरूम हा त्यातला सगळ्यात किरकोळ तोटा.

ज्याची कुणी चौकशी करत नाही असं एक कारण म्हणजे बी-१२. आपल्याकडे शाकाहारी घरांत बी-१२ ची इंजेक्शनं सर्रास घेतली जातात, आणि काहींना त्यानंतर एकाएकी पुळ्यांचं पीक येतं. क्षयावरचं आयसोनियाझिड, फिट्सवरचं फेनिटॉइन, लिथियम यांनीही तसं होतं. ही औषधं मनानं बंद करायची नाहीत. ज्यांनी लिहून दिली त्यांना सांगायचं.

१२. केसांना तेल लावू की नको? आजी ऐकत नाही.

आजीचं मन राखा. धुण्याआधी तासभर लावा, कपाळाच्या कडेनं उतरू देऊ नका, रात्रभर ठेवून त्याच उशीवर झोपू नका. केसांच्या रेषेलगत आणि कपाळावरच बारीक पुळ्या असतील तर संशय तेलावर किंवा केसांच्या जेलवरच. चेहऱ्याला खोबरेल चोळणं मात्र बंद करा; ते नळ्या तुंबवणाऱ्या तेलांपैकी आहे.

१३. लिंबू, हळद, टूथपेस्ट, मुलतानी माती, टी ट्री ऑइल: यातलं काय चालतं?

लिंबाचा पीएच २ च्या आसपास असतो. लावून उन्हात गेलात तर चट्टा उठतो आणि काळा डाग महिनोनमहिने राहतो. टूथपेस्टनं मुरूम सुकल्यासारखा वाटतो, खरं तर कातडी भाजलेली असते. मुलतानी माती तेल शोषते, तासाभराचा आनंद; रेटिनॉइड सुरू असताना नकोच. हळदीनं नुकसान सहसा नाही, फायदाही मोजण्याइतका नाही, अभ्रे तेवढे पिवळे.

टी ट्री ऑइलला थोडा पुरावा आहे. १९९० मध्ये ऑस्ट्रेलियात ५ टक्के टी ट्री ऑइल आणि ५ टक्के बेंझॉइल पेरॉक्साइड यांची तुलना झाली. तेलाचा गुण हळू आला, पण आला आणि त्रास कमी झाला. ५ टक्के म्हणजे पातळ केलेलं. बाटलीतलं शुद्ध तेल तसंच चोपडू नका.

१४. पिकलेला मुरूम फोडला तर काय बिघडतं? आणि पार्लरमध्ये क्लीन-अप?

दाबल्यावर थोडा पू बाहेर येतो आणि बाकीचा आत फुटतो. सूज पसरते, आणि आपल्या गव्हाळ-सावळ्या त्वचेवर ती काळा डाग सोडून जाते. हात राहवत नसेल तर हायड्रोकोलॉइड पॅच लावा. पू शोषला जातो आणि बोटंही दूर राहतात. ब्लॅकहेड काढायचेच असतील तर निर्जंतुक उपकरणानं, त्वचारोगतज्ज्ञांकडे. सुजलेले मुरूम असताना वाफ, मसाज, जाड क्रीमचं फेशियल हे पैसे देऊन मुरूम वाढवण्याचे प्रकार आहेत. थ्रेडिंग करताना भुवयांवर रेटिनॉइड लावलेलं नसावं; वॅक्सिंगबद्दल प्रश्न १७.

१५. दर महिन्याला पाळीच्या आधी हनुवटीवर येतात. पीसीओएस असेल का? आणि गरोदर असताना काय चालतं?

पाळीच्या आधी चार-दोन पुटकुळ्या अनेकींना येतात, ते पीसीओएस (हॉर्मोन्सच्या बिघाडाचा, बीजकोशांशी संबंधित विकार) नव्हे. पाळी लांबते, हनुवटीवर-ओठावर राठ केस येतात, डोक्यावरचे विरळ होतात, वजन वाढतं, यातलं काही सोबत असेल तर स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा. पंचविशीनंतर जबड्याच्या कडेनं येणाऱ्या मुरमांसाठी डॉक्टर काही गर्भनिरोधक गोळ्या किंवा स्पायरोनोलॅक्टोन देतात. स्पायरोनोलॅक्टोन हे मुळात लघवी वाढवणारं, रक्तदाबाचं औषध. चिठ्ठीवर बघून घाबरू नका. पण त्या काळात गर्भ राहू द्यायचा नसतो.

गरोदरपणात ॲझेलेइक ॲसिड हे सगळ्यात निर्धास्त औषध मानलं जातं, आणि ते काळ्या डागांवरही चालतं. लावायचं क्लिंडामायसिन (हे अँटिबायोटिक) आणि थोडं बेंझॉइल पेरॉक्साइडही डॉक्टर देतात. रेटिनॉइडची मलमं आणि डॉक्सीसायक्लिन ही अँटिबायोटिक गोळी नको. आयसोट्रेटिनॉइन तर अजिबात नाही.

१६. डॉक्सीसायक्लिन घेतल्यावर छातीत जळजळतं. आणि गुण आला, तर अजून दोन महिने घेऊ?

जळजळ गोळी अन्ननलिकेत अडकल्यामुळे. पेलाभर पाण्यासोबत, जेवणानंतर घ्या आणि पुढचा अर्धा-पाऊण तास आडवे होऊ नका. लोह किंवा कॅल्शियमच्या गोळ्या दोन-तीन तास लांब ठेवा. उन्हात त्वचा लवकर भाजते, तेव्हा दुपारचं क्रिकेट काही दिवस राहू द्या.

मनानं वाढवायची नाही. अँटिबायोटिक साधारण तीन-चार महिन्यांच्या आत संपवायचं, आणि तोवर सोबत बेंझॉइल पेरॉक्साइड आणि रेटिनॉइड सुरू ठेवायचं, म्हणजे गोळ्या थांबल्यावर चेहरा उघडा पडत नाही. नुसतं क्लिंडामायसिन जेल महिनोनमहिने लावणाऱ्यांनाही हेच लागू. जंतू मुरतात आणि औषध बोथट होतं.

१७. आयसोट्रेटिनॉइनबद्दल नेटवर भयंकर वाचलं. घ्यावं का?

१९८२ पासून वापरात असलेलं हे औषध तेलग्रंथी आकसवतं. खोल गाठी आणि खड्डे पाडणाऱ्या मुरमांवर याच्या तोडीचं दुसरं नाही. डोस वजनावर ठरतो, सर्वसाधारणपणे दर किलोला दिवसाला ०.५ ते १ मिलिग्रॅम, आणि कोर्स काही महिन्यांचा. आपल्याकडे बरेच डॉक्टर त्याहून कमी डोसही देतात. गोळी जेवणासोबत घ्यायची, स्निग्ध पदार्थ असला की ती नीट शोषली जाते.

ओठ फुटणार, हे गृहीत धरा. लिप बाम खिशात ठेवा. डोळे कोरडे पडतात, नाकातून कधी रक्त येतं. यकृत आणि चरबीसाठी रक्त तपासतात. दारू नको, अ जीवनसत्त्वाच्या गोळ्या नकोत, आणि डॉक्सीसायक्लिनसोबत कधीच नाही, कारण दोन्ही मिळून डोक्यातला दाब वाढू शकतो. मन उदास व्हायला लागलं तर लगेच सांगायचं. वॅक्सिंग कोर्समध्ये आणि नंतर सहा महिने टाळा, कातडी सोलून येते. कोर्स संपल्यावर महिनाभर रक्तदान नाही, कारण ते रक्त एखाद्या गरोदर बाईला चढू शकतं.

आणि खरी भीती तिथेच आहे. गर्भात बाळ असताना हे औषध पोटात गेलं तर बाळाच्या मेंदूत, हृदयात, कानांत गंभीर व्यंग येऊ शकतं. सुरू करण्याआधी महिनाभर, कोर्सभर आणि नंतर महिनाभर गर्भनिरोधन पक्कं हवं, गर्भचाचणीही. माझ्या काउंटरवर ही सूचना मी मुलींना आईसमोर द्यायचं टाळते. बाजूला घेऊन सांगते. भावाच्या उरलेल्या गोळ्या बहिणीनं घेणं हा प्रकार मी दोनदा पकडला आहे.

१८. मुरूम गेले, डाग आणि खड्डे राहिले. काय करू?

दोन्ही वेगळे. बोट फिरवल्यावर सपाट लागतो तो डाग. तो उतरतो, पण महिने घेतो. उन्हात तो गडद होत जातो, म्हणून ३० किंवा जास्त एसपीएफचं जेल सनस्क्रीन रोज, चेहरा-मानेला मिळून दोन बोटांच्या लांबीएवढं. ॲझेलेइक ॲसिड आणि रेटिनॉइड दोन्ही मदत करतात.

खड्डा मलमानं भरत नाही. तिथे मायक्रोनीडलिंग (बारीक सुयांनी टोचणं), खालचे तंतू सोडवणारी सबसिजन, अरुंद खोल खड्ड्यांत टीसीए हे तीव्र ॲसिड, किंवा फ्रॅक्शनल लेझर, असे उपाय खड्ड्याच्या आकारावर ठरतात. अनेक बैठका लागतात, खड्डे उथळ होतात, नाहीसे होत नाहीत. नवीन मुरूम येणं थांबल्याशिवाय यात पैसे घालू नका. आणि "शंभर टक्के" म्हणणाऱ्या क्लिनिकमधून उठून या. करणाऱ्याच्या पाटीवर त्वचारोगातली एम.डी., डी.एन.बी., डी.व्ही.डी. अशी पदवी आहे का ते बघा. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयातही त्वचारोग विभाग असतो. रांग मोठी, सल्ला चोख.

१९. सगळं करून पाहिलं. पुळ्या एकसारख्या आहेत, खाजतात, आणि अँटिबायोटिकनं वाढल्या.

मग ते मुरूम नसतीलही. कपाळ, छाती, पाठीवर एकाच आकाराच्या, खाजणाऱ्या, ब्लॅकहेड नसलेल्या पुळ्या बऱ्याचदा मॅलेसेझिया या बुरशीमुळे असतात. घाम आणि दमट हवा त्यांना मानवते, आणि अँटिबायोटिकनं जंतू मेले की बुरशीला रान मोकळं मिळतं. उपचार बुरशीविरोधी, डॉक्टरांच्या सल्ल्यानं. चाळिशीत नाक-गाल लाल होऊन पुळ्या येत असतील तर रोझेशिया असू शकतो. काखेत-जांघेत पुन्हा पुन्हा फुटणाऱ्या गाठी हा वेगळाच आजार आहे, त्याला मुरमाचं मलम लावत बसू नका.

२०. लग्न दीड महिन्यावर आलंय!

सहा महिने आधी आला असतात तर बरं झालं असतं. आता नवं रेटिनॉइड, नवा पील (ॲसिडनं साल काढणं), नवं फेशियल काही नको. दीड महिन्यात त्यांचा त्रास दिसतो आणि गुण यायच्या आत अक्षता पडतात. डॉक्टरांना तारीख सांगा, ते वेळेत बसणारं देतील. ऐन आठवड्यात मोठी गाठ उठली तर त्वचारोगतज्ज्ञ तिच्यात सौम्य केलेलं स्टिरॉइडचं इंजेक्शन देतात, दोन-तीन दिवसांत बसते. (हो, स्टिरॉइडच. एका गाठीत, एकदा, डॉक्टरांच्या हातानं. प्रश्न ७ मधली गोष्ट वेगळी.) आधीपासून रेटिनॉइड लावत असाल तर हळदीच्या दोन-तीन दिवस आधी थांबवा. हळद घरात दळलेली वापरा आणि चेहऱ्यावरची लवकर धुऊन टाका. करवल्यांना आधीच दम देऊन ठेवा.

२१. मुलगी मुरमांमुळे कॉलेजला जात नाही, खोलीतून बाहेर येत नाही. काय लावू?

आधी नातेवाइकांचे सल्ले बंद करा; "अगं, हे काय झालं चेहऱ्याला" हे वाक्य घरात येणाऱ्या प्रत्येकाकडून तिनं ऐकलेलं असतं. मुरूम थोडे असूनही एवढा त्रास होत असेल तर तेही जास्त उपचार मागायचं पुरेसं कारण आहे, त्वचारोगतज्ज्ञांना तसं सांगा. झोप, जेवण, बोलणं तुटलं असेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ क्रमांकावर मोफत बोलता येतं, मराठीतही.

२२. मागच्या वर्षीची चिठ्ठी आहे. त्याच गोळ्या परत द्याल?

मलम असेल तर मी डॉक्टरांना फोन लावून विचारते, ते हो म्हणाले तर देते. गोळ्या नाही. त्या चिठ्ठीनंतर तुमचं वजन बदललं असेल, दुसरं औषध सुरू झालं असेल, लग्न झालं असेल. दुकान सकाळी उघडतं तेव्हा गर्दी नसते. नवी चिठ्ठी घेऊन त्या वेळी या, कसं लावायचं ते निवांत दाखवते.